टेनिस बॉलवर कापड कसं चढवायचं: सोल्युशन वाळू द्या, मगच पुढे जा

कापड सुटलेले चेंडू लोक पिशवीत घालून माझ्याकडे आणतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं सोल्युशन वापरू?" मी सुटलेली कड नखाने उचलून आत बघतो. दहातल्या आठ वेळा सोल्युशनचा काही दोष नसतो. गाभा, म्हणजे आतला रबरी गोळा, न खरवडता घेतलेला असतो, नाहीतर सोल्युशन ओलं असतानाच कापड दाबलेलं असतं.

पंक्चरवाल्याला काम करताना नीट बघा. तो ट्यूब कानशीने घासतो, सोल्युशन लावतो आणि मग चक्क थांबतो. तेवढ्यात दुसऱ्याच्या चाकात हवा भरून येतो. बोट टेकवून बघतो, मगच पॅच ठेवून ठोकतो. आपलं काम हेच आहे. फरक इतकाच, की त्याचा पॅच सपाट जागी बसतो आणि आपल्याला दोन पॅच एका गोळ्यावर असे बसवायचे असतात की मधे फट राहू नये आणि कडा एकमेकांवर चढू नयेत.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. चेंडूवरची ती वळणदार रेघ म्हणजे शिवण नव्हे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमातच लिहिलंय की सांधा असलाच तर तो टाक्यांविना असावा. ती रेघ रबराची आहे, कापडाच्या कडांना लावलेल्या घट्ट सोल्युशनची. ही गोष्ट डोक्यात बसली की पुढचे निम्मे टप्पे आपोआप कळतात.

हा लेख तयार गाभे विकत घेऊन त्यावर कापड चढवणाऱ्या लहान युनिटसाठी आहे. गाभा ओतायची, त्यात हवा कोंडायची प्रक्रिया वेगळी, तिच्यात इथे शिरत नाही. एखाद-दुसरा चेंडू हौसेने करणाऱ्यांनाही क्रम हाच पाळायचा आहे.

आधी जागा आणि सामान

सामानाची यादी छोटी आहे: गाभे, चेंडूचं फेल्ट (वरचं लवदार कापड), रबर सोल्युशन (पातळ आणि घट्ट अशी दोन), डंबेलच्या आकाराची डाय (कापड कापायची धारदार चौकट), शिकंजा (थप्पी आवळायला), तापणारा साचा आणि प्रेस, वाफेची सोय. त्याशिवाय व्हर्नियर आणि सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. काटा नसेल तर काम सुरूच करू नका. चूक दिसेपर्यंत अख्खा लॉट वाया गेलेला असतो.

सोल्युशन म्हणजे मळून मऊ केलेलं नैसर्गिक रबर सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे नंतर उडून जाणाऱ्या द्रवात, विरघळवलेलं. गंधक आणि ते लवकर काम करावं म्हणून घालायचं रसायन बहुधा वेगवेगळ्या डब्यांत येतं. दोन्ही एकत्र केले की घड्याळ सुरू झालं. डब्यावर किती तासांचं आयुष्य लिहिलंय ते बघून तेवढंच मिसळा. संध्याकाळचं उरलेलं सोल्युशन सकाळी सॉल्व्हंट घालून पातळ करू नका. आत बारीक गाठी झालेल्या असतात आणि त्या कापडाखाली तशाच राहतात.

लाकडाला लावायचा पांढरा डिंक इथे चालत नाही, वाळल्यावर तो कडक होतो. चपला-बुटांचं पिवळं अडेसिव्ह पकडतं चांगलं, म्हणून पुष्कळजण मोहात पडतात. पण चेंडू प्रत्येक टप्प्याला चेपतो आणि पुन्हा फुलतो. गाभ्याच्याच जातीचं, गाभ्याबरोबर ताणलं जाणारं रबर मधे असेल तरच ते टिकतं.

इशारा: सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीलाही पेट घेते. खोलीत शेगडी, बिडी, उघडं बटण, ठिणग्या पाडणारा पंखा, काहीही नको. हवा खालच्या अंगाने बाहेर काढा. सोल्युशन पातळ करायला पेट्रोल घेऊ नका. ते पेटायला घातक आहेच, वर त्यातले जड अंश मागे राहून तेलकटपणा सोडतात.

१. गाभे निवडणं

प्रत्येक गाभा काट्यावर ठेवा. तयार चेंडूचं वजन नियमाप्रमाणे ५६.० ते ५९.४ ग्रॅम आणि नेहमीच्या प्रकाराचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असावा लागतो. म्हणजे वजनात सगळं मिळून साडेतीन ग्रॅमही मोकळीक नाही. त्यात गाभा, दोन कापडं, सोल्युशन आणि कडांचं रबर बसवायचंय. हलके, मध्यम, जड असे गाभ्यांचे तीन ढीग करा आणि जड गाभ्यांना हलक्या थानातलं कापड द्या. टेनिस-बॉल क्रिकेटसाठी चेंडू करत असाल तर हा नियम तुम्हाला लागू नाही, पण एका बॉक्समधले सहा चेंडू सहा तऱ्हेचे निघाले तर गिऱ्हाईक परत येत नाही.

दुसरी तपासणी गळतीची. गाभे पाण्यात दाबून बुडबुडे बघा, आणि मग पूर्ण कोरडे करा. हवा गेलेल्या गाभ्यावर कितीही सुबक कापड चढवलं तरी चेंडू मेलेलाच. कापड जाड असलं की हवा टिकते, असं मला तीनचार जणांनी ठामपणे सांगितलंय. हवा कापडाने अडत नाही. ती रबरातूनच हळूहळू झिरपते, म्हणून तर दाबाचे चेंडू दाबाच्या डब्यात भरतात.

जुन्या चेंडूचं कापड काढून नवं चढवता येईल का? येईल, पण कापड ओढून काढताना रबराचे लचके निघतात आणि आतला दाब तर आधीच गेलेला असतो. सराव भिंतीवर असेल तर करा. विकायला नको.

२. गाभा खरवडणं

साच्यातून आलेल्या गाभ्यावर गुळगुळीत साय असते. तिच्यात साचा सुटावा म्हणून मारलेल्या फवाऱ्याचा अंश असतो. शिवाय ठेवणीतल्या गाभ्यांवर रबरातून वर आलेली गंधकाची किंवा मेणाची पांढुरकी भुकटीही दिसते. सोल्युशन त्या सायीला चिकटतं आणि साय गाभ्यावरून सुटते.

ड्रम असेल तर खरखरीत अस्तर लावून गाभे त्यात फिरवा. हाताने करायचं तर मध्यम काचपेपर घ्या आणि सगळ्या दिशांनी घासा. चकाकी पूर्ण जाऊन रंग एकसारखा मंद दिसला पाहिजे. दोन वाट्या जोडल्याची रेघ वर आलेली असेल तर तीही सपाट करा, नाहीतर कापडाखालून ती बोटाला लागते. घासून झाल्यावर धूळ हवेच्या झोताने उडवा आणि सॉल्व्हंटने ओलसर केलेल्या स्वच्छ फडक्याने एकदा पुसा. फडकं मळलं की बदला. तेच फडकं फिरवत राहिलात तर आधीच्या दहा गाभ्यांची घाण अकराव्याला लागते.

इथून पुढे गाभ्याला उघडा हात लावायचा नाही. घाम आहेच, पण सकाळी केसांना चोपडलेलं खोबरेल तेलही हातावर असतं. एका लॉटमध्ये एकाच बाजूला अंगठ्याएवढे फुगवटे येत होते, आणि दोन दिवस आम्ही सोल्युशनला शिव्या देत होतो!

तपासा: गाभा उजेडात फिरवून बघा. कुठे चकाकी दिसली तर साय अजून आहे, तिथे पुन्हा घासा आणि पुसा. रंग सगळीकडे सारखा मंद दिसला तर पुढे जा. खरवडलेला गाभा त्याच दिवशी वापरा. तो रात्रभर ठेवला तर पृष्ठभाग पुन्हा मरतो.

३. गाभ्यावर सोल्युशन, आणि मग थांबणं

पातळ सोल्युशनचा एक हात द्या. गाभे जाळीच्या टोपलीत बुडवून निथळवा किंवा ब्रशने लावा. निथळवताना खाली थेंब जमतो, तो टिपून घ्या. थेंब तसाच राहिला तर त्याच्या वरचं कातडं वाळतं, आतलं ओलंच राहतं आणि साच्यात गेल्यावर तिथे फुगा येतो.

गाभे खिळ्यांच्या पाटावर, कमीत कमी ठिकाणी टेकतील असे वाळवा. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा पातळ हात द्या. एकच जाड हात देऊन वेळ वाचत नाही. वरची कातडी आधी बंद होते आणि खालचा सॉल्व्हंट आत अडकतो.

किती वेळ, असं लोक विचारतात. मिनिटं सांगणं फसवं आहे. मे महिन्यात पुण्यात जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट रत्नागिरीत जुलैमध्ये लागतो. घड्याळ सोडा, स्पर्श बघा. बोटाच्या मागच्या बाजूने, म्हणजे पेरावर, हलकेच टेकवा. पकड जाणवली पाहिजे, पण बोटाला काही लागून येता कामा नये. तार निघाली तर अजून ओलं आहे. अजिबात पकड नसेल तर फार वाळलंय किंवा धूळ बसली आहे. मग सॉल्व्हंटचा पुसट हात फिरवून पुन्हा थांबा.

पावसाळ्याचा वेगळा त्रास. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते. चमकदार थरावर पांढुरकी झाक आली की समजा पाणी बसलं. त्यावर कापड दाबलं तर ते पाणी मधेच कोंडतं. खोली कोरडी करा, गाभे किंचित कोमट असताना हात द्या, आणि झाक आलेले गाभे बाजूला काढा. कोकणातल्या एका युनिटचे चेंडू दरवर्षी जूनपासून सुटायचे आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारायचे. मालक दरवर्षी सोल्युशनचा पुरवठादार बदलत होता.

४. कापड: निवडा, वाळवा, पाठीला सोल्युशन द्या

चेंडूचं विणलेलं कापड साधारण असं असतं: ताणा सुताचा, बाणा लोकर आणि नायलॉनच्या मिश्र धाग्याचा. वीण अशी, की बाणा बहुतेक एकाच बाजूला वर येतो. मग कापड ओलं करून मळतात, त्याने लोकर आटून एकमेकीत गुंतते, आणि वरून लव उठवतात. दुसरा प्रकार सुयांनी टोचून गुंतवलेलं फेल्ट, त्यात ताणाबाणा नसतो आणि ते स्वस्त पडतं. सरावाच्या चेंडूंना टोचलेलं फेल्ट पुष्कळ झालं.

हस्तकलेच्या दुकानातलं रंगीत फेल्ट आणू नका. ते पातळ आणि पूर्ण कृत्रिम धाग्याचं असतं. गरम साच्यात ते चकाकतं, कडक होतं आणि मग वाफेनेही लव उठत नाही.

लोकर हवेतलं पाणी पिते, तेही भरपूर. म्हणून सोल्युशन लावायच्या आधी थान कोमट हवेत वाळवून घ्या. मग ते पालथं ताणून ठेवा आणि पाठीवर सोल्युशनचे पातळ थर पट्टीने ओढा. पुढची बाजू ओली दिसता कामा नये. सोल्युशन लवेपर्यंत झिरपलं तर तयार चेंडूवर टक्कल पडलेले डाग येतात आणि त्यांना इलाज नाही. पहिला थर थोडा घट्ट घेतला तर झिरपत नाही.

क्रमाची चूक: पुष्कळजण आधी तुकडे कापतात आणि मग एकेकाच्या पाठीला सोल्युशन लावत बसतात. उलटं करा. सुट्ट्या तुकड्याच्या कडा सोल्युशनने गुंडाळतात, आकार बिघडतो आणि पुढच्या बाजूला डिंक लागतो. थान आधी, कात्री नंतर.

५. डंबेल कापणं

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. मोसंबीची साल टेबलावर सपाट पसरली की फाटते. गोलावरचं काहीही सपाट होत नाही. डंबेलचा आकार या भानगडीतून बऱ्यापैकी सोडवतो, कारण मधली कंबर अरुंद असल्यामुळे कापडाला एकाच दिशेने वाकावं लागतं. उरलेला वाकडेपणा दोन्ही टोकांच्या गोल पाळ्या ताणून भरून काढतात.

जुन्या चेंडूचं कापड सोलून, त्यावर पेन फिरवून डाय करून आणणारे खूप आहेत. ते कापड ताणून बसलेलं, साच्यात दाबलेलं आणि वाफेत फुगलेलं असतं. त्याचं माप म्हणजे कोऱ्या तुकड्याचं माप नव्हे. तो नमुना फक्त आकार समजण्यापुरता घ्या आणि माप पुढील दोन हिशोबांनी पडताळा.

पहिला हिशोब लांबीचा. चेंडूवर एका तुकड्याची दोन टोकं मागे जिथे समोरासमोर येतात, तिथे मधे दुसऱ्या तुकड्याची कंबर असते. म्हणून एका तुकड्याची लांबी अधिक कंबरेची रुंदी म्हणजे गाभ्याचा पूर्ण घेर. गाभा ६० मिमी असेल तर घेर १८८ मिमी. कापडाची पाठ गाभ्याला टेकते म्हणून घेर गाभ्याचा धरायचा, तयार चेंडूचा नाही. कापड ताणून बसवायचं असल्यामुळे प्रत्यक्ष बेरीज यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा.

दुसरा हिशोब क्षेत्रफळाचा. ६० मिमी गाभ्याचं पृष्ठफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका तुकड्याच्या वाट्याला साडेछप्पन. हे मोजायला गणित लागत नाही. जाड पुठ्ठ्याचा १० सेंमी बाय १० सेंमी चौकोन कापून वजन करा. त्याच पुठ्ठ्यातून डंबेल कापून त्याचंही वजन करा. डंबेल चौकोनाच्या ५६ टक्क्यांच्या आसपास भरलं पाहिजे. ६२ भरलं तर कडा एकमेकींवर चढणार, ५० भरलं तर फट पडणार. तुमचा गाभा वेगळ्या मापाचा असेल तर आकडे त्याप्रमाणे बदलतील.

कापताना डंबेल एकमेकांच्या कंबरेत घुसवून मांडा, उरलेलं कापड वाचतं. मात्र सगळे तुकडे थानाच्या एकाच दिशेने कापा. कापड उभं आणि आडवं सारखं ताणलं जात नाही. एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला तर एकच चेंडू दोन बाजूंनी दोन तऱ्हेने बसतो. डायची धार गेली की कडेला मिशा राहतात आणि त्या पुढच्या टप्प्यात रबरात अडकून सांधा जाडाभरडा करतात.

तपासा: दोन तुकडे नुसतेच, चिकटू नयेत म्हणून पाठीला कागद ठेवून, गाभ्यावर गुंडाळून बघा. चारही वळणांवर फट सारखी दिसली तर डाय बरोबर आहे. एका बाजूला फट आणि दुसरीकडे चढ असेल तर डाय तिरकी आहे.

६. कडांना रबर

तुकड्यांची थप्पी लावा, मधे चिकटू नये असा कागद घाला, आणि शिकंजात घट्ट आवळा. थप्पीच्या बाजूला आता फक्त कडा दिसतात. त्या कडांवर घट्ट सोल्युशन लावायचं, ब्रशने किंवा अख्खी थप्पी बुडवून. पांढरी रेघ हवी असेल तर पांढरं सोल्युशन.

शिकंजा सैल असेल तर सोल्युशन थरांमधून आत शिरतं आणि लवेवर येतं. फार आवळला तर कापड दबून कडेला फुगवटा येतो. माझी खूण अशी: थप्पी हातात उचलून झटकली तरी एकही तुकडा सरकू नये, पण बाजूने नख दाबलं तर थोडं आत जावं.

वाळल्यावर तुकडे एकेक सोडवा, ओरबाडू नका. ओढून काढलेल्या तुकड्याच्या कडेवरचा रबराचा थर शेजारच्याला चिकटून जातो. तशा तुकड्याचा सांधा खेळताना तिथेच उघडतो. हा टप्पा टाळून "कडा एकमेकींना टेकल्या की झालं" म्हणणाऱ्यांचे चेंडू सिमेंटच्या पिचवर दोन ओव्हरही काढत नाहीत.

७. चढवणं

गाभा आणि तुकडे, दोन्हींचं सोल्युशन पेरावरच्या कसोटीला उतरलेलं हवं. वाळलेलं वाळलेल्याला टेकलं की पकडतं आणि मग सरकवता येत नाही. संधी एकदाच मिळते.

पहिला तुकडा दोन्ही पाळ्यांनी धरा, कंबरेचा मध्य गाभ्यावर टेकवा. अंगठ्याने कंबरेपासून बाहेरच्या दिशेने दाबत जा. आधी मध्य, मग कडा. पाळीची कड आधी टेकवली तर आत हवेचा बुडबुडा राहतो आणि साच्यात तो मोठा होतो.

दोन पाळ्या खाली वळून एकमेकींकडे आल्या की त्यांच्यात एक अरुंद गल्ली उरते. दुसऱ्या तुकड्याची कंबर त्या गल्लीत टेकवायची. आता त्याच्या पाळ्या पहिल्याच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत जातील. इथे पाळी बोटांनी सर्व बाजूंनी सारखी ताणा. एका कोपऱ्यातून ओढली तर समोरचा कोपरा उघडा पडतो.

कड कडेला भिडली पाहिजे. केसभर फट राहिली तर साचा ती मिटवतो. कड कडेवर चढली तर साचा तिचा कायमचा वरंबा करतो, तो पुढे कशानेही जात नाही. म्हणून शंका आली तर फटीच्या बाजूने चुका.

शेवटी लाडू वळतात तसा चेंडू दोन्ही तळव्यांत फिरवून सगळीकडून दाबा. हातमोजे विसरू नका.

८. साचा आणि ताप

साच्याची वाटी तयार चेंडूपेक्षा किंचित लहान असते, कारण कापड दाबून गाभ्यावर बसवायचं असतं. साचा घासून स्वच्छ ठेवा. मागच्या लॉटचा रबराचा कण राहिला तर प्रत्येक चेंडूवर त्याच जागी खळगा येतो.

माझ्याकडे साचा ११० ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास चालतो. तुमचा आकडा सोल्युशनच्या कागदावरून घ्या. मात्र त्या कागदावरचा वेळ जसाच्या तसा धरू नका. तो रबराच्या उघड्या पट्टीवर मोजलेला असतो. आपल्याकडे मधे लोकर आहे, आणि लोकर उष्णता अडवते म्हणूनच आपण स्वेटर घालतो. साचा तापला तरी कापडाखालचं सोल्युशन बराच वेळ थंड असतं. एका फुकट चेंडूत कापडाखाली तापमापकाची बारीक तार घालून बघा. तिथे ताप पोचायला लागणारा वेळ मोजा आणि क्युरिंगचा (तापून रबर पक्कं होण्याचा) वेळ त्यानंतर धरा. घाई म्हणून साचा भलताच तापवाल तर लोकर पिवळी पडेल. केस जळल्यासारखा वास आला की उशीर झालेला असतो.

आता सर्वांत महाग चूक. गाभ्यात आधीच बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १४ पीएसआय दाब जास्त असतो. ३० अंशांवरून ११५ अंशांवर गेल्यावर आतली हवा फुगू पाहते आणि तो जादा दाब २० पीएसआयच्या आसपास किंवा पुढे जातो. त्याच वेळी रबर तापून मऊ झालेलं असतं. अशा क्षणी साचा उघडला तर चेंडू वाढतो आणि नुकताच जुळलेला सांधा ताणला जातो. माझ्या पहिल्या लॉटचं हेच झालं. संध्याकाळ झाली होती, बस पकडायची होती, प्रेस गरम असतानाच उघडली. चेंडू हातात गोल होते. सकाळी पाट बघितला तर निम्मे लिंबासारखे एका बाजूला निमुळते, आणि प्रत्येकाच्या सांध्यात नख जाईल एवढी चीर.

साचा बंद ठेवून, दाब न सोडता, पाणी फिरवून थंड करा. साच्याला हात ठेवून धरता आला की मगच उघडा.

तपासा: प्रत्येक लॉटमधला एक चेंडू बळी द्या. कापडाची बोटभर रुंद पट्टी ब्लेडने कापून सोलून काढा आणि आत बघा.
- रबरावर लोकरीचे तंतू चिकटून राहिले, म्हणजे कापड फाटलं पण जोड सुटला नाही: उत्तम.
- गाभा स्वच्छ आणि सगळं सोल्युशन कापडाच्या पाठीवर: दोष टप्पा २ मध्ये.
- सोल्युशन गाभ्यावर आणि कापडाची पाठ कोरडी: थान ओलं होतं किंवा पाठीवरचा थर अपुरा.
- दोन्हीकडे सोल्युशन, मधे तारा निघतात: क्युरिंग कमी पडलं किंवा सॉल्व्हंट अडकला.

ही चार लक्षणं कागदावर लिहून प्रेसशेजारी लावा. सोल्युशन बदलायचा विचार त्यानंतर करा.

९. वाफ

साच्यातून आलेला चेंडू टकला दिसतो. लव चपटी, सांध्याची रेघ उठावदार. घाबरून तारेचा ब्रश मारू नका, धागे तुटतात आणि चार दिवसांत कापड गळायला लागतं. जाळीच्या ड्रममध्ये वाफ सोडून चेंडू हलके फिरवा. ओलावा आणि उबेने लोकर फुलते, चेंडू एकमेकांवर घासून लव उभी राहते आणि सांधा तिच्यात अर्धवट बुडतो. काही मिनिटं पुरतात. जास्त झालं तर चेंडू झिपरा होतो, व्यास वाढतो आणि हवेत लवकर मंदावतो.

एकच चेंडू असेल तर मोदकपात्राच्या चाळणीवर, पाण्याला न टेकता, दोन-तीन मिनिटं धरा आणि खरखरीत टॉवेलमध्ये घोळवा. मग सावलीत वाळवा.

१०. छाप आणि शेवटची मापं

छाप वाफेनंतर मारा. आधी मारलेली लवेबरोबर फुटते.

वजन आणि उसळी लगेच मोजू नका, वाफेचं पाणी अजून लोकरीत आहे. नियमाच्या चाचणीसाठी चेंडू २४ तास सुमारे २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवतात. एवढी सोय नसेल तर निदान सगळे लॉट एकाच खोलीत, सारखाच वेळ ठेवून मोजा.

उसळीसाठी चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडायचा आणि तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर यायला हवा. भिंतीवर दोन रेघा मारा आणि मोबाईलवर चित्रण करा. मोबाईल रेघांच्या उंचीवर धरा, उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात पाचेक सेंटिमीटर सहज चुकतात. चेंडूचा तळ मोजायचा, माथा नव्हे. उसळी कमी आली तर कापडाला दोष देण्याआधी त्याच ढिगातला एक उघडा गाभा टाकून बघा.